नदीपर्यंत न पोचलेला गोलखांब

मित्रांनो, माझे वय मी वेगळे सांगायला नको. माझ्या अंगावरचा पांढरा रंग नखाने खरवडलात तर खाली पिवळा लागेल, पिवळ्याखाली करडा, आणि त्याखाली ते लोखंड, जे एके काळी पेनसिल्व्हेनियातल्या एका नदीकाठच्या भट्टीतून लालबुंद होऊन बाहेर पडले होते. मी हॅलोवे कॉलेजच्या फुटबॉल मैदानावरचा गोलखांब. जमिनीत रोवलेले दोन पाय, मधे एक आडवी दांडी आणि वर आभाळाकडे उचललेले दोन हात, असा माझा देह. आमच्याकडचा फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात, धडका घेत, एकमेकांना चिखलात लोळवत. पण कधी कधी सगळा सामना एका लाथेवर येऊन थांबतो. लांबुडका चेंडू माझ्या दांडीवरून, दोन हातांच्या मधून गेला तर तीन गुण. नाही गेला तर काही नाही. त्या क्षणी सगळ्या गावाची नजर माझ्यावर खिळते. त्या नजरेचे ओझे काय असते, ते मला विचारा.

माझ्या आधी तिथे लाकडी खांब असत आणि ते फार टिकत नसत, कारण हॅलोवेची एक परंपरा होती. नदीपलीकडच्या ट्रेमॉन्ट कॉलेजला हरवले की विद्यार्थी मैदानात घुसत, गोलखांब उपटत, खांद्यावरून वाजतगाजत पुलावर नेत आणि नदीत फेकत. तो वाहत जाऊन ट्रेमॉन्टच्या काठाला लागावा आणि त्यांनी तो उरलेला हिवाळाभर बघत बसावे, असा त्यातला हेतू. म्हातारी माणसे आपल्या सालचा खांब कसा गेला ते रंगवून सांगत. पण एका वर्षी त्या गर्दीत पुलाचा कठडा मोडता मोडता राहिला आणि कॉलेजने ठरवले, आता लाकूड पुरे.

ते काम स्टॅन ओरावेत्सकडे आले. तो पोलाद कारखान्यात वेल्डर होता. त्याचे आईवडील स्लोव्हाकियातून आलेले. स्टॅन स्वतः कॉलेजची पायरी कधी चढला नव्हता, पण शनिवारचा सामना त्याने कधी चुकवला नाही.

"स्टॅन, असा बनव की या पोरांच्या बापालासुद्धा हलायचा नाही," कोच टिब्स म्हणाले.

"बापाचं काय घेऊन बसलात कोच? ट्रेमॉन्टची अख्खी टीम लटकू दे. त्यांच्या चड्ड्या फाटतील, पण हा वाकायचा नाही."

मला उभे केले त्या दिवशी तो आपल्या बायकोला, लुडमिलाला, घेऊन आला. तिने टोपलीत बटाट्याचे सारण भरलेली गरम पिरोगी आणली होती. "बघ आपलं पोरगं," स्टॅन म्हणाला. "कसं दोन्ही हात वर करून उभं आहे."

लुडमिलाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "कुणाला शरण आलंय?" तिने विचारले.

ती थट्टेत बोलली, पण पुढे तेच खरे झाले. हॅलोवे ट्रेमॉन्टकडून हरायला लागले. एक साल गेले, दोन गेली, मग लोकांनी मोजायचेच सोडले. दर नोव्हेंबरात ट्रेमॉन्टची पोरे माझ्याकडे बोट दाखवून ओरडत, "अरे, यांचा खांबसुद्धा हात वर करून उभा आहे!" आणि सगळे स्टेडियम मान खाली घाली.

तरी त्या वर्षांनी मला एक गोष्ट दाखवली, जी जिंकणाऱ्यांना दिसत नाही. आमच्याकडे सामना संपला की, जिंकलेला असो वा हरलेला, बँड कॉलेजचे गाणे वाजवी. खेळाडू शिरस्त्राणे काढत, प्रेक्षक टोप्या काढत, प्रत्येक जण शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवी आणि शेवटची ओळ संपेपर्यंत कुणी जागचे हलत नसे. पाहुणा संघही तोवर मैदान सोडत नसे. दांडगे दांडगे मुलगे चिखलाने माखलेले, ओठ दाबून, शेजाऱ्याच्या खांद्याला घट्ट धरून उभे राहत. मी ते अगदी जवळून पाहिले आहे.

सुरुवातीची वर्षे स्टॅन मला स्वतः रंग द्यायचा. बुडाशी बसून तारेच्या ब्रशने गंज घासायचा, मग खालून वर रंग चढवायचा. पुढे कॉलेजने ते काम बाहेरच्या माणसांना दिले. ती माणसे प्रेक्षकांना दिसेल तेवढेच रंगवत. माझ्या पायांशी गवत माजले, पावसाचे पाणी साचू लागले, बर्फ वितळून मुरू लागले. वरून मी नवरदेवासारखा चकचकीत दिसत होतो आणि आतून माझे पाय सडत होते. मला ते कळत होते. पण सांगणार कुणाला?

आता त्या दिवसाकडे येतो.

स्टॅन तोवर म्हातारा झाला होता. सगळे गाव त्याला पॉप म्हणे. कान झाकणारी लाल टोपी घालून तो माझ्या बाजूच्या पहिल्या ओळीत बसे. आणि चेंडूला लाथ मारण्याचे काम होते रेमो तालियानीकडे. रेमो गावातल्या बेकरीवाल्याचा मुलगा, काडीसारखा बारीक. आदल्या वर्षी ट्रेमॉन्टविरुद्ध त्याचा एक सोपा चेंडू माझ्या उजव्या हातावर आदळून बाहेर गेला होता. वर्षभर लोक बेकरीत येऊन विचारत होते, "काय रेमो, आज पाव तरी नीट भाजलाय ना?" एकटा पॉप त्याला म्हणाला होता, "तुझं चुकलं नाही रे. माझंच पोरगं आडवं आलं. मी त्याला दम दिलाय."

त्या सकाळी पॉपने सवयीने माझ्या बुडाला हात लावला. रंगाचा पापुद्रा निघाला आणि पाठोपाठ लोखंडाची खपलीच त्याच्या हातात आली. त्याचा चेहरा उतरला. त्याने मैदानाच्या व्यवस्थापकाला गाठले.

"मॅच झाली की बघू या पॉप," तो घाईत म्हणाला. "आज कुणाला वेळ आहे?"

आभाळ करडे होते. बर्फ आणि पाऊस एकत्रच पडत होते. शेवटच्या क्षणांपर्यंत ट्रेमॉन्ट दोन गुणांनी पुढे होते आणि मग हॅलोवेला एक लाथ मिळाली. एकच. रेमो पुढे आला. त्याने पँटला हात पुसले. एवढे लोक होते, पण मला फक्त माझ्या दांडीवरून टपकणारे पाणी ऐकू येत होते.

चेंडू उडाला. वाऱ्याने त्याला उजवीकडे ढकलले. तो सरळ माझ्या त्याच हाताकडे येताना दिसला. मित्रांनो, मला हलता येत नाही. येत असते तर मी स्वतःला मुळासकट बाजूला केले असते. चेंडू माझ्यावर धाडकन आदळला, क्षणभर दांडीवर टेकला आणि दांडीपलीकडे पडला.

हॅलोवे जिंकले.

पुढचा आवाज मी कसा सांगू? दोन्ही बाजूंचे कठडे ओलांडून माणसे मैदानात ओतली गेली. रेमोला कुणीतरी खांद्यावर उचलले. आणि एक जुना शब्द, जो या पोरांनी फक्त आजोबांच्या तोंडून ऐकला होता, मैदानभर घुमू लागला. "नदी! नदी! नदी!"

पोरे माझ्याकडे धावली. दांडीवर चढली, हातांना लटकली, मला पुढे-मागे झुलवू लागली. माझ्या पायांत काहीतरी कण्हत होते. ध्वनिक्षेपकावरून कुणी विनवत होते, ते कुणाला ऐकू जाणार?

गर्दीतून लाल टोपी वाट काढत आली. "उतरा खाली!" पॉप ओरडत होता. "बुडातून सडलाय हा! ए हिरव्या मफलरवाल्या, उतर!"

"पॉप, आजच्या दिवशी तरी रागवू नका हो! तुम्हीच वर या!"

"वर या काय म्हणतोस गाढवा? मरशील! खाली ये!"

कुणी ऐकेना, तसा पॉप माझ्याखाली घुसून उभ्या असलेल्या पोरांना दोन्ही हातांनी बाहेर ढकलू लागला. एक मुलगी तेवढी राहिली होती, चष्म्यावरचे पाणी पुसत असलेली. तिला त्याने जोराने लोटले. त्याच क्षणी माझा डावा पाय जमिनीलगत मोडला, मागोमाग उजवा, आणि मी खाली आलो.

मी ज्याच्या हातून जन्मलो, त्याच्याच अंगावर.

दांडी त्याच्या कमरेवर पडली. खाली मऊ चिखल होता म्हणून तो जिवंत राहिला. पण वरच्यांना खाली काय आहे ते दिसलेच नाही. खांब पडला म्हणून त्यांनी आरोळी ठोकली आणि ते माझ्यावर नाचू लागले. प्रत्येक उडीबरोबर मी पॉपला चिखलात आणखी दाबत होतो. त्याचा श्वास मला जाणवत होता. "हळू," तो पुटपुटला. "हळू रे बाबा." त्यांना म्हणाला की मला, ते मला आजही माहीत नाही.

चष्म्याची मुलगी किंचाळत होती, "खाली माणूस आहे!" लोकांना वाटले, तीही आनंदाने ओरडते आहे. मग कितीतरी हातांनी मला धरले. आता मला नदीकडे ओढत न्यायचे होते. तसे झाले असते तर मी पॉपच्या छातीवरून, गळ्यावरून फरफटत गेलो असतो.

खांद्यावर बसलेल्या रेमोला ते उंचावरून दिसले. चिखलात पडलेली लाल टोपी, तिच्याशेजारी हात हलवणारी मुलगी.

"सोडा मला! खाली सोडा!"

"सोडतो की! नदीत सोडतो!" खालचे हसले.

रेमोने अंग झोकून दिले, तोंडावर आपटला, उठला. माझ्याकडे यायला वाटच नव्हती. तो उलट्या दिशेने धावला, बँडकडे. बँडच्या संचालिका मिस क्रॉल शिडीवर उभ्या राहून आपल्या वादकांना गोळा करत होत्या.

"मिस क्रॉल, गाणं! कॉलेजचं गाणं वाजवा!"

"आत्ता? या गोंधळात कोण ऐकणारे बाळा?"

"पॉप खांबाखाली अडकलाय!"

त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. हात उचलला. निम्मे वादक गर्दीत हरवले होते, उरलेल्यांचे ओठ थंडीने बधिर झाले होते. पहिले सूर बेसूरच निघाले. माझ्याजवळ कुणीतरी ओरडत होते, "एक... दोन..."

आणि तो थांबला.

त्याला सुरांनी थांबवले. त्याने टोपी काढली. शेजारच्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यावर नाचणारी पोरे होती तिथेच उभी राहिली. शांतता बँडपासून मैदानाच्या कडेपर्यंत पसरत गेली, आणि त्या शांततेत मुलीचा घोगरा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"खाली माणूस आहे हो! पॉप आहेत!"

हिरव्या मफलरवाल्याचा चेहरा बर्फासारखा झाला. तो हळूच उतरला, मग बाकीचे. गाण्यासाठी थांबलेला ट्रेमॉन्टचा संघ सगळ्यात आधी पुढे आला. त्यांचा दणकट कप्तान माझ्या एका टोकाशी वाकला, आमची मुले दुसऱ्या टोकाशी.

"ओढू नका!" रेमो धापा टाकत पोचला. "सरळ वर उचला. सगळे एकदम."

गाणे संपत आले होते. संपले असते तर गर्दी पुन्हा हलली असती. मिस क्रॉलनी शेवटची ओळ येताच पहिली ओळ पुन्हा सुरू केली. आणि पुन्हा एकदा. मला उचलेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

पॉपला बाहेर काढले तेव्हा तो पांढराफटक होता. रेमो त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसला. "पॉप, ऐकू येतंय का?"

"चेंडू... आत गेला ना?"

"गेला, पॉप."

"खांबाला लागून?"

"लागून."

"मग निम्मे गुण माझ्या पोराचे," पॉप म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. रेमो घाबरून हाका मारू लागला, तसे पॉपने एक डोळा उघडून त्याला गप्प बसायला सांगितले.

त्या संध्याकाळी कुणीच नदीवर गेले नाही.

पॉपचे कमरेचे हाड मोडले होते, बरगड्याही. हिरव्या मफलरवाला इस्पितळात त्याला भेटायला गेला आणि रडू लागला, हे मला रेमोकडून कळले. "मला माफ करा पॉप," तो म्हणाला. पॉपने उत्तर दिले, "माफी ठेव तुझ्याजवळ. तारेचा ब्रश आहे का तुझ्याकडे?"

वसंतात पॉप काठी टेकत मैदानावर आला. लुडमिलाने त्याला खुर्ची टाकून दिली आणि कुणी दमवले तर खबरदार, असे सगळ्यांना बजावले. खुर्चीत बसून त्याने माझ्यावर नाचलेल्या पोरांकडून मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या गोलखांबाचे बूड घासून घेतले. मग माझे सडलेले पाय कापवले आणि मला इथे, गावातल्या लहान मुलांच्या मैदानावर, नव्या काँक्रीटमध्ये उभे करवले. मी थोडा बुटका झालो आहे. पॉपला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. हॅलोवेची पहिल्या वर्षाची मुले ट्रेमॉन्टच्या सामन्याआधी आजही गोलखांब घासून रंगवतात, खालून वर. जाता जाता मलाही एक हात देऊन जातात.

मित्रांनो, जिंकलात की जरूर नाचा. मला तुमच्या उड्या आवडतात. फक्त ज्याच्यावर चढून नाचणार, त्याच्या पायांकडे वेळच्या वेळी बघत जा, कारण त्याला बोलता येत नाही. आणि नाचता नाचता मधेच क्षणभर गप्प उभे राहा. खालून कुणी हाक मारत असेल, तर ती तेवढ्या वेळातच ऐकू येते.