वरचा छोटा स्पीकर

धनेशनं स्पीकरच्या खोक्याच्या पाठीवरचा शेवटचा स्क्रू आवळला आणि खोकं उचलून टेबलावर दुसऱ्या खोक्याशेजारी ठेवलं. काळेवाडीतल्या त्या दोन खोल्यांपैकी मागची आता त्याच्या स्टुडिओची झाली होती. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या होत्या, खिडकी घोंगडीनं बुजवली होती.

"अहो, हात धुवा. दिवेलागण झाली," विजयश्री दारातून म्हणाली.

तो पाठमोराच राहिला. तिनं आत येऊन त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा दचकून म्हणाला, "हो हो. आलोच."

हल्ली असंच व्हायचं. पूर्वी देवघरातली घंटी किणकिणली की तो असेल तिथून हात पुसत यायचा आणि तिच्या मागं उभा राहायचा. आता आरती संपून तिनं तबक त्याच्यापुढं नेलं तरच त्याचे हात जोडले जात. देवावरचं त्याचं मन उडालं असावं, असं तिनं धरून चाललं होतं. विचारलं मात्र नव्हतं. काही गोष्टी ती माणसांना विचारत नसे.

वरच्या मजल्यावरच्या इंदुताई वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी मागच्या खोलीत डोकावून पाहिलं.

"धनेश, तुमच्या त्या महाराजांचे टाळ आज वाजणारेत का? नाही, म्हणजे मी आधीच कवळी काढून ठेवते. परवा हिरड्यांपर्यंत गेले."

"परवाचं विसरा ताई. ते जुने स्पीकर होते. खोटं बोलत होते ते. टाळ दबलेले ऐकवायचे, म्हणून मी चढवले."

"स्पीकरसुद्धा खोटं बोलायला लागले," इंदुताई म्हणाल्या आणि हसत जिना चढल्या.

परवाचं विसरण्यासारखं नव्हतं. आळंदीत मुलांना भजन शिकवणाऱ्या ज्ञानेशमहाराजांनी आपले अभंग याच खोलीत गायले होते. धनेशनं आवाजांची जुळणी करून ते त्यांना ऐकायला दिले. महाराज परत आले ते चप्पल न काढता दारातच उभे राहिले. "गळा छान आलाय, धनेशराव. पण टाळ टोचतात हो. आई म्हणाली, बंद कर आधी ते." उद्या सकाळी ते पुन्हा ऐकायला येणार होते. जमलं तर पुढचं सगळं काम इथं, त्यांच्या ओळखीच्या कीर्तनकारांचंही. नाही तर पुण्यातला स्टुडिओ होताच.

हे काम आलं तर धनेश चाकणच्या कारखान्यातल्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधून सुटणार होता. त्यासाठीच विजयश्रीनं रोज दिवा लावल्यापासून जप पुरा होईपर्यंत मौन धरलं होतं. शिफ्टहून आल्यावर कानात शिट्टी वाजते असं तो पहिल्यांदा म्हणाला, त्या दिवसापासून. कंपनी कानात घालायला बोळे देत असे. तो ते गळ्यात लटकवून ठेवायचा. लाइनवरची सगळी जुनी माणसं तसंच करत. "डाय कुठं घासतेय ते कानालाच कळतं," तो म्हणायचा. "बोळे घातले तर प्रेसचं दुखणं ऐकायचं कुणी?"

तिनं समई लावली, घंटी वाजवली, मनातल्या मनात म्हणत आरती ओवाळली. तबक त्याच्यापुढं नेलं. मग माळ घेऊन मागच्या खोलीत, दाराजवळच्या पाटावर बसली. तीही सवयच झाली होती. आवाज मोजायच्या माईकला घर गप्प लागे आणि घर गप्प असण्याची ही एकच वेळ होती.

"आज बघ गंमत," धनेश म्हणाला. मौनातल्या बायकोशी तो मोकळेपणानं बोलत असे. "पूर्वी जाड आवाज खालच्या मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज वरच्या छोट्याला, ही वाटणी आतली तांब्याची वेटोळी करायची. कशीबशी. या नव्या अॅम्प्लिफायरमध्ये ती कॉम्प्युटर करतो. मी इथं रेघ सरकवायची, की तिथं वाटणी. एकेकाला गप्पही बसवता येतं."

लॅपटॉपची पाठ तिच्याकडं होती. त्यानं खालचे दोन्ही स्पीकर बंद केले. रेघ वर, आणखी वर सरकवली. "आता महाराज नाहीत, मृदंग नाही. फक्त टाळांची किणकिण उरणार."

बटण दाबलं. छोट्या स्पीकरांतून किणकिण बाहेर पडली, परातीत मोहरी सांडावी तशी. विजयश्रीच्या बोटांतला मणी पुढं सरकला.

धनेश वाट पाहत होता.

तो पुढं वाकला. डावा कान छोट्या स्पीकरला लावला, मग उजवा. मागची वायर हलवून पाहिली. "गेला वाटतं हा," तो म्हणाला. दुसऱ्या खोक्याकडं गेला, तिथंही कान लावला. "दोन्ही कसे जातील एकदम? आत्ता तर बसवले."

टाळ वाजतच होते. ती त्याच्याकडं बघत राहिली. बोटांत तोच मणी होता.

"पातळी कमी असेल." त्यानं आवाज वाढवला. किणकिण तिच्या कपाळात शिरली. त्यानं आणखी वाढवला. तिनं डोळे मिटले. घंटी, दारातून मारलेल्या हाका, खांद्याला लावावा लागणारा हात, सगळं एकामागोमाग तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. देवाचा यात काही संबंध नव्हता. इतके दिवस तिनं मनातल्या मनात धनेशवर भलताच आळ घेतला होता.

वरून जमिनीवर बत्ता आपटल्याचा आवाज झाला. धप्प, धप्प.

तो मात्र धनेशला ऐकू आला. त्यानं मान वर करून छताकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली बसून मोजायचा माईक काढला, स्टँडला लावला, त्याचं तोंड छोट्या स्पीकरकडं वळवलं आणि लॅपटॉपसमोर बसला. पडद्याचा हिरवा उजेड त्याच्या चष्म्यावर वरखाली होऊ लागला. त्यानं आवाज बंद केला. उजेड थांबला.

आता खोलीत फक्त माळेची सळसळ होती. त्यानं घाई केली नाही. जप संपला, तिनं माळ डोळ्यांना लावून गोमुखीत ठेवली, तेव्हा तो म्हणाला,

"विजू, वाजत होतं का गं?"

मौनानंतरचा पहिला शब्द ती नेहमी देवाचं नाव घेऊन उच्चारत असे. समोर बसलेला माणूस हात मांडीवर ठेवून तिच्या ओठांकडं बघत होता. चेहऱ्याकडं नाही, ओठांकडं.

"नाही," ती म्हणाली. "मला नाही आलं काही."

धनेशनं मान हलवली. मग लॅपटॉप फिरवून तिच्याकडं केला आणि आवाज अगदी थोडा ठेवून पुन्हा बटण दाबलं. टाळाच्या प्रत्येक ठोक्याला पडद्यावरची हिरवी रेघ उडी मारत होती. ती उडी दोघंही बघत राहिले.

"माईकला ऐकू येतंय," तो म्हणाला.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. "उद्या डॉक्टरकडं जाऊ," ती कशीबशी म्हणाली.

"जाऊ. आधी महाराज येतायत."

"त्यांना काय सांगणार?"

खोली आता फार लहान वाटत होती. बाहेर कंपनीची बस थांबली, रात्रपाळीची माणसं एकमेकांना हाका मारत चढली आणि बस गेली. धनेश खुर्चीवरून उठला. खुर्चीची उशी झटकली, ती बरोबर दोन खोक्यांच्या मध्ये येईल अशी सरकवली आणि स्वतः भिंतीच्या गादीला टेकून उभा राहिला.

"बस इथं," तो म्हणाला.

ती बसली. त्यानं खालचे स्पीकर चालू केले. महाराजांचा गळा आला, मृदंग आला आणि त्यांच्या डोक्यावरून टाळ. त्याचं बोट कॉम्प्युटरवरच्या रेघेवर होतं, डोळे तिच्या ओठांवर.

"मी टाळ हळूहळू खाली आणतो. टोचायचं कुठं थांबतं ते सांग." त्यानं रेघ किंचित खाली ओढली. "आणि खरं सांग."