बोगदा फुटण्याआधीची बातमी

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे 'नवी' म्हणत. तिच्याआधी त्याच खुर्चीवर एक नवा बसून गेला होता आणि त्याच्याआधी आणखी एक नवी. दोघंही जेमतेम खुर्ची गरम होईपर्यंत टिकले. एक विमा विकायला लागला, दुसरी कुठल्याशा कंपनीच्या साबणाबद्दल गोड गोड लिहिते असं कानावर आलं होतं. त्यामुळे हिचं खरं नाव लक्षात ठेवायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही.

काम काय, तर निधनवार्ता नीट लावायच्या आणि आलेली पत्रकं संगणकातल्या नव्या यंत्रणेत टाकायची. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच यंत्रणा त्याची बातमी करून द्यायची, अगदी मथळ्यासकट. नवीने ऱ्हस्वदीर्घ तेवढं बघायचं.

"म्हणजे यंत्र वार्ताहर आणि तू त्याची मदतनीस," मामाने घरी सगळ्यांसमोर हसून घेतलं होतं. बाबा हसले नाहीत. ते शहरबस चालवायचे, कमी बोलायचे. "पोट भरेल का याच्यावर?" एवढंच त्यांनी विचारलं. नवी ताट घेऊन उठली.

वृत्तसंपादकांना पाठीमागे 'थांबासाहेब' म्हणायचे. एके काळी ते कुठलीही बातमी हातात आली की म्हणत, "थांबा, खात्री केलीत?" वेबसाइट आल्यापासून ते दिवसभर "पाठवा, पाठवा" एवढंच म्हणत, पण चिकटलेलं नाव काही सुटत नाही.

त्यांनीच तिला बोगद्यावर पाठवलं. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी कित्येक वर्षं खणत आणलेला रस्त्याचा बोगदा त्या दिवशी मधोमध मिळणार होता. मोठा समारंभ पुढच्या आठवड्यात होता, मंत्री, फुलं, भाषणं सगळं तेव्हा. त्याला जायला कचेरीतले सगळे बुजुर्ग एका पायावर तयार होते. नुसता दगड फुटताना बघायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

"फोटो तूच काढ, व्हिडिओही तूच कर, बातमीही तूच लिही," थांबासाहेब म्हणाले. "आणि लवकर पाठव."

बोगद्याच्या तोंडाशी तिला हेल्मेट मिळालं. ते इतकं मोठं होतं की मान वळवली तरी ते समोरच बघत राही. तिला आत न्यायला मोजणीच्या मॅडम आल्या. दोन्ही बाजूंचं खणकाम एकमेकांच्या रोखाने चाललंय की नाही हे बघणाऱ्या त्या इंजिनिअर. केस पिकलेले, आवाज हळू, डोळे जागरणाने लाल.

आत चालताना दिवसाचा उजेड मागे मागे राहत गेला आणि शेवटी नखाएवढा झाला. हवा दमट, जड, जुन्या तळघरातल्यासारखी. पायाखाली चिखल आणि डोक्यावर एक अख्खा डोंगर! वर झाडं असतील, पक्षी असतील, कुणीतरी गुरं चारत असेल, आणि आपण त्या सगळ्याच्या खालून चाललोय, या विचाराने नवीचे पाय क्षणभर जागच्या जागी थबकले.

"भीती वाटते?" मॅडमनी विचारलं.

"नाही. म्हणजे... थोडी. मॅडम, दोन्ही बाजू बरोबर समोरासमोर येतील हे कशावरून?"

"उपग्रहांवरून, डोंगरावर केलेल्या खुणांवरून," मॅडम म्हणाल्या. "आणि उरलेलं काळजीवरून. गेला महिनाभर मला स्वप्नात एकच दिसतंय, की दोन बोगदे एकमेकांच्या शेजारून निघून गेले."

शेवटी खडकाची भिंत आली. तिथे मुकादम होता, खांद्याने रुंद, तोंडाने तिखट. त्याने नवीला हाताने खूण केली, कान लाव. तिने गार, ओल्या दगडाला कान लावला. आधी स्वतःच्याच रक्ताचा आवाज आला. मग फार आतून, दाताच्या मुळाशी ठणकावं तशी, एक बारीक घरघर.

"पलीकडची मशीन," मुकादम म्हणाला. "तिथे माझा मेहुणा आहे. काम लागल्यापासून तो त्या तोंडाला आणि मी या तोंडाला. फोनवर रोज भांडतो, कोण पुढे आहे त्यावरून."

दगड बोलतोय, असं नवीला वाटलं. तिने फोन वर केला, मग खाली घेतला. याचा फोटो कसा काढणार?

तेवढ्यात छताच्या एका फटीतून पाणी ठिबकायला लागलं. बघता बघता ठिबकण्याची धार झाली. मॅडमनी वर विजेरी मारली आणि त्यांचा हळू आवाज एकदम करडा झाला. "मशीन बंद. सगळे मागे. वरचा दगड तपासल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"मॅडम, वरिष्ठांचे फोन येतील," मुकादम कुरकुरला.

"येऊ देत. मी घेईन."

सगळ्यांना बाहेर काढलं. नवी तोंडाशी आली, फोनला नेटवर्क मिळालं आणि तो हातात थरथरायला लागला. पहिला फोन बाबांचा. बाबा कामावर असताना कधीच फोन करत नसत.

"अगं, तुझं नाव आलं!" त्यांचा आवाज ओळखू येईना. "'डोंगर भेदला, बोगदा आरपार.' खाली तुझं नाव, माझ्या नावासकट! डेपोत सगळ्यांना दाखवलं. मामालाही पाठवलं, म्हटलं बघ."

तिने वेबसाइट उघडली. 'आमच्या प्रतिनिधीकडून, प्रत्यक्ष घटनास्थळावरून.' कामगारांनी जल्लोष केला होता. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते. पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. सकाळी आलेलं पत्रक कुणीतरी यंत्रणेत टाकलं होतं, आणि यंत्रणेने बाकीचं सगळं मनानेच रचलं होतं. छापलेल्या नावासाठी ती वर्षभर झुरली होती. आणि ते आलं, ते न घडलेल्या गोष्टीखाली.

"बाबा," ती म्हणाली, "ते खोटं आहे. बोगदा अजून फुटलाच नाही."

डेपोतला गलका मागे पडला, बाबा बाजूला आले असावेत. मग बाबा म्हणाले, "मग तुझ्या साहेबांना सांग की. मला काय सांगतेस?"

तिने थांबासाहेबांना फोन लावला.

"सर, ती बातमी काढा. इथे काम थांबलंय."

"थांबलंय म्हणजे किती वेळ? तासाभरात होईलच ना! सगळ्यांच्या वेबसाइटवर लागलीय ती. आपण काढली तर आपणच मागे पडू."

"सर, छतातून पाणी येतंय. आज होईल की नाही, इथे कुणालाच सांगता येत नाहीये."

"तुझं नाव आहे वर. पहिलंच ना?"

"म्हणूनच म्हणतेय, काढा. सर, बाकीच्या कुणाचाच माणूस इथे नाहीये. मी आहे. मी दगडाला कान लावून आलेय. तो अजून बंद आहे."

थांबासाहेब तोंड बाजूला करून कुणावर तरी ओरडले, "थांबा! बोगद्याची बातमी खाली घ्या. हो, पूर्ण!" आणि फोनमध्ये शांतपणे म्हणाले, "तू तिथून हलू नकोस. घडेल तेव्हा सांग. नाही घडलं तर तेही सांग."

बाबांनी डेपोतल्या प्रत्येकाला आता काय सांगितलं असेल, या विचाराने ती वाळूच्या ढिगावर बसून राहिली. रडू येत होतं आणि भूकही लागली होती. मुकादमाने आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवलं. "खा. डोंगर काही रिकाम्या पोटी फुटत नाही," तो म्हणाला. तिला हसू फुटलं.

दुपार कलली तेव्हा मॅडम बाहेर आल्या, कमरेपर्यंत भिजलेल्या. छताला आधार दिला होता, पाणी वळवलं होतं. "चला," एवढंच म्हणाल्या.

मशीनचं लांब पोलादी टोक खडकात शिरायला लागलं. आवाज असा की छातीचा पिंजरा वाजावा. नवी मागे, आखून दिलेल्या रेषेपाशी उभी होती. टोक आत आत जात राहिलं आणि एकाएकी आवाज बदलला. मघाची जड घरघर जाऊन मशीन हलकं, पोकळ फिरायला लागलं. मुकादमाने हात वर केला. मशीन थांबलं.

कुणी ओरडलं नाही, टाळी वाजवली नाही. सगळे नुसते त्या मुठीएवढ्या काळ्या भोकाकडे बघत राहिले. दिव्याच्या झोतात तरंगणारी धूळ, जी सकाळपासून जागची हलली नव्हती, ती हळूच सरकली. मग वळली. मग एका संथ प्रवाहात बोगद्याच्या तोंडाकडे वाहू लागली.

नवीच्या गालाला गार वारा लागला.

त्याला ओल्या गवताचा वास होता. डोंगर डोंगर झाला तेव्हापासून या बाजूचा वारा या बाजूला होता आणि त्या बाजूचा त्या बाजूला. आज पहिल्यांदा तो आतून आला आणि तिच्या चेहऱ्याला लागला. शेजारी मॅडमनी हेल्मेट काढलं होतं. डोळे मिटून त्या नुसत्या उभ्या होत्या, वारा तोंडावर घेत.

"समोरासमोर," त्या पुटपुटल्या. "बरोब्बर समोरासमोर."

मग दगड फोडणारा ब्रेकर लागला. खडक ढासळत गेला, माणूस वाकून जाईल एवढी वाट झाली, आणि धुळीतून पलीकडच्या दिव्याचा पिवळा उजेड आला. त्या उजेडातून आवाज आला, "ओ दाजी! आहात का जिवंत?"

"तुला न्यायलाच आलोय!" मुकादम गरजला आणि सगळा बोगदा हसला. पण त्याने भगदाडात हात घातला, पलीकडून दुसरा धुळीने माखलेला हात आला, आणि दोघांनी एकमेकांना धरलं ते सोडेचनात.

मॅडमनी नवीच्या पाठीवर हात ठेवला. "जायचंय पलीकडे? वार्ताहर म्हणून तुमचा हक्क आहे."

वार्ताहर. तिला तसं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती वाकली आणि डोंगराच्या त्या अंगाला गेली. उरलेला अर्धा बोगदा चालून उन्हात आली, तर समोर अख्खं अनोळखी खोरं पसरलेलं. उतारावरची घरं, चुलींचा धूर, आणि तोंडाशी जमलेली गावची माणसं, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात काठी. एक म्हातारी पुढे आली.

"कुठून आलीस गं पोरी?"

"पलीकडून, आजी."

"घाटाने?"

"नाही. आतून."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागच्या डोंगराकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून नवीच्या बाहीवरची धूळ बोटाने पुसली आणि ते बोट उन्हात धरून बघत राहिली. "आतून," ती मागच्यांना म्हणाली, आणि तो शब्द माणसामाणसातून मागे मागे जात राहिला.

त्या बाजूला मोबाइल चालत नव्हता. कामाच्या ठिकाणच्या खोलीत तारेचा एक जुना फोन तेवढा होता. नवीने उभ्या उभ्या बातमी सांगितली आणि पलीकडे थांबासाहेबांनी स्वतः टाइप केली. छतातलं पाणी, थांबलेलं काम, सगळं तिने क्रमाने सांगितलं. आपल्या वेबसाइटने आधी चुकीची बातमी दिली होती, हेही.

"तेही टाकायचं?" थांबासाहेबांनी विचारलं.

"हो सर."

टाइप केल्याचा आवाज आला. थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा थांबले. "हे वाऱ्याचं काय लिहायला लावतेयस? वारा ही काय बातमी आहे?"

"सर, सगळ्यात आधी वाराच आला."

"कसा होता?" त्यांनी विचारलं, अगदी वेगळ्या आवाजात. तिने सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग सगळं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आतल्या पानावर आली. ती सगळ्यांच्या नंतर आली, आणि वेबसाइटवर ती फारशी कुणी उघडलीही नाही. संध्याकाळी कामावरून आलेल्या बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, चुकीच्या बातमीचं वाक्य बोट ठेवून. पोट भरण्याचं त्यांनी काढलं नाही.

पेपर घडी करून त्यांनी मांडीवर ठेवला. "बातमीतली ती म्हातारी," ते म्हणाले, "नंतर आत गेली का गं?"

"गेली," नवी म्हणाली, आणि त्यांच्याजवळ सरकून पुढचं सांगायला लागली.