बांबूला भरलेल्या बांगड्या

आमच्या गावच्या नाल्यावर बांबूचं एक बेट आहे. माघातल्या दुपारी त्याच्याखाली उभं राहून वर पाहिलं, की पानांमधून हिरवं काचेचं काहीतरी चमकतं. नवखा माणूस म्हणतो, दवाचे थेंब असतील. भर दुपारी कुठलं आलंय दव? त्या बांगड्या आहेत. कोंबांना भरलेल्या. कोंब वाढले, बांबू झाले, त्यांना फांद्या फुटल्या आणि त्या फांद्यांनी बांगड्यांना खाली येऊ दिलं नाही. वारा सुटला की त्या वाजतात आणि मला माझीच लाज वाटते. तरी माहेरी आले की मी तिथे जातेच.

गाव पोंभुर्ण्याजवळचं, धानाचं. गावात मुसलमानाचं घर एकच, नाल्याकडेचं. बाबूभाई सायकलवर स्टोव्ह, कंदील दुरुस्त करत फिरायचे आणि त्यांची बायको शमसुन्निसा बांगड्या भरायची. आम्ही सगळे तिला शमसूचाची म्हणायचो. आठ-दहा गावांतल्या बाया तिच्याकडूनच भरायच्या. माझ्या मायचा लग्नातला चुडा तिनेच भरला होता, माझ्या बारशाचं मनगटातलं बिंदलंही तिनेच आणून दिलं होतं.

चाची डोळे मिटून बांगडी भरायची. आधी आपला हात तिच्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याखालचं हाड चाचपायची, दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. "हात झोपू दे, बेटा," म्हणायची. "जागा हात बांगडी फोडते." आणि खरोखर हात झोपायचा. बोटांतून एक ऊब वर चढत यायची, बाहेरच्या कोंबड्या, रस्त्यावरची बैलगाडी, सगळं लांब जायचं. लहानपणी मी तर बसल्या जागी पेंगायचे. जाग यायची तेव्हा मनगट हिरवंगार झालेलं असायचं. मग बांगड्यांना हात लावून चाचीच्या पाया पडायचं, ती डोक्यावर हात ठेवायची आणि पुढची बाई सरकून पुढे यायची.

माझा हात म्हणजे आडदांड. धानाची रोवणी करून करून रुंद झालेला. पण चाचीने कधी माझ्या हातात एक बांगडी फोडली नाही.

तिच्या मनाला मधूनच काहीतरी होतं, हे गावाला माहीत होतं. चंद्रपूरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्या घेतल्या की ती आमच्यासारखीच, उलट आमच्यापेक्षा बरी. याबद्दल कोणी फारसं बोलत नसे. ज्याला मधुमेह आहे त्याच्याबद्दल तरी आपण किती बोलतो?

मग दोन हजार आठचा पोळा आला. माझा भाऊ प्रणित बल्लारपूरला कामाला होता. सणाला आला तो कॅमेऱ्याचा मोबाइल घेऊन, आणि जाताना जुना म्हणून मला देऊन गेला. मी तेव्हा वीस वर्षांची, पोंभुर्ण्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी, गावात एकटीच नेटवर बसणारी. स्वतःला इतकी शहाणी समजत होते की काय सांगू.

पोळ्यानंतर काही दिवसांनी मी बेटात वास्ते काढायला गेले. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, त्यांची भाजी आमच्याकडे आवडीने खातात. पाऊस नुकताच उघडला होता, पानांवरून पाणी निथळत होतं, आणि त्या हिरव्या अंधारात शमसूचाची बसलेली होती. बांगड्यांचं टोपलं शेजारी उघडं. ती एका कोंबाला दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून दाबत होती. दाबून झालं की त्याला बांगडी घालायची. "कमळाबाई, हात ढिला सोड," ती म्हणाली. कमळा म्हणजे माझी माय. तिच्या भोवतीच्या दहा-बारा कोंबांत हिरव्या बांगड्या होत्या आणि ती प्रत्येकाशी बोलत होती, सगळी नावं आमच्या गावातल्या बायांची.

आज मी ते सांगते तेव्हा मला ते सुंदर वाटतं. तेव्हा मला हसू आलं. तोंडावर हात दाबून मी चाळीस सेकंदांची क्लिप काढली.

क्लासला गेल्यावर ती मी नेटवरच्या आमच्या तालुक्याच्या पोरापोरींच्या ग्रुपवर टाकली. नुसती क्लिप सुनी वाटली, म्हणून खाली लिहिलं: "सावधान! ही पागल चुडीवाली. हिच्या हातून बांगडी भरली तर पागलपण हातातून चढते. डॉक्टर लोकांनी सांगितले आहे." डॉक्टर लोक मी वजन यावं म्हणून घातले. संध्याकाळपर्यंत अकरा जण हसून गेले. बारावा म्हणाला, हो, आमच्या मावशीकडे असं झालं आहे. तेराव्याने सांगितलं, जिवती गावाकडे दोघीजणींना लागलं. मला गंमत वाटली. आपण एक खोटं सोडावं आणि लोकांनी त्याला नातेवाईक आणून द्यावेत! मग क्लिप ब्लूटूथने फोनफोनांत गेली, एसटीत, पानटपरीवर, आठवडी बाजारात. माझं लिहिलेलं आता लोक तोंडाने सांगू लागले.

बाबूभाईंनी चाचीला चंद्रपूरला नेलं. परत आल्यावर ते मायला सांगत होते, तेव्हा मी आत भांडी घासत होते.

"रमजान लागला ना बाई, तर हिनं गोळ्या सोडून देल्या. म्हणे गोळी घेतली तर पानी प्यावं लागते, पानी पेलं तर रोजा टुटते. मले सांगतलंच नाई. डॉक्टर बोलला, पहाटी सहरीले घ्याची, संध्याकाळी इफ्तारले घ्याची, सोडाची काऊन? आता बरी हाय. दिवाळीले येते गावात."

दिवाळीला ती आली. टोपलं घेऊन पारावर बसली, नेहमीच्या जागी. बाया विहिरीवर आल्या, हसल्या, बोलल्या, "बरं हाय ना चाची?" म्हणाल्या, आणि "आता हातात आहेत ना, मग पाहू" म्हणून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी क्लासहून येताना पाहिलं, टोपल्यावरचं फडकं तिने सोडलंच नव्हतं. ती स्वतःचाच डावा हात उजव्या हाताने दाबत बसली होती. इतक्या वर्षांची सवय, हातांना हात लागतोच. मी मान खाली घालून पुढे गेले. नंतर तिने येणंच सोडलं.

माघात माझं लग्न ठरलं. मुलगा गडचिरोलीचा, ऑफिसातला. चुड्याचा विषय निघाला तसं मी म्हटलं, "चाचीला सांगावा धाडू का?"

"नाई," माय म्हणाली. "तिले बोलवाचं नाई. तिच्या हातून बांगडी भरली तर पागलपण हातातून चढते. डॉक्टर लोकांनी सांगतलं हाय."

माझंच वाक्य. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

"खोटं हाय ते, माय."

"तुले कसं मालूम? तू का डॉक्टर हायस?"

मी गप्प बसले. हेच ते, ज्याची मला आजही चीड येते. दोन शब्द बोलायचे होते, मी केलं, एवढेच. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी मी पोंभुर्ण्याला गेले आणि नेटवरून क्लिप काढून टाकली. "हे खोटं होतं, असा आजार हाताने पसरत नाही, तिला माफ करा" असंही लिहिलं. तिला माफ करा! माफी कोणी कोणाची मागायची तेवढंही मला धड लिहिता आलं नाही. त्यावर कोणी काही बोललं नाही. परत येताना एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघं माणसं मोबाइलवर तीच क्लिप पाहून हसत होती.

हळदीच्या दिवशी मायने बाजारातून आणलेल्या बांगड्या काढल्या. बाया गोळा झाल्या. मायने माझ्या हाताला साबण लावला, तेल लावलं, ओढलं, दाबलं. पहिली बांगडी फुटली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. दुसरी फुटली. तिसरी फुटली ती मनगटात शिरली आणि हळदीवर रक्ताची रेघ आली. लग्नाच्या चुड्यातल्या तीन बांगड्या!

"तिच्यावानी हात कोणालेच नाई," ती हळूच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मी उठले.

"अवं, हळद लागलेली पोरगी उंबरा ओलांडते का? मयुरी! कुठी चालली?"

मी गेले. अंगभर हळद, मनगटावर रक्त, अनवाणी. दुपार होती. गाव जेवून सुस्त पडलं होतं, ऊन पिवळं होतं, मी पिवळी होते, आणि वाटलं की आपण चालत नाही, कोणी आपल्याला उन्हातून वाहून नेत आहे. मागे बायांचा गलका ऐकू येत होता, तोही झोपेत ऐकावा तसा.

चाची नाल्याच्या बेटात होती, बांबूला टेकून. वर तिच्या बांगड्या वाजत होत्या. केवढ्या उंच गेल्या होत्या. मी तिच्यासमोर बसले आणि हात पुढे केला. तिने रक्त पाहिलं. तिचे हात आपोआप उठले, आणि अर्ध्यात थांबून पदराखाली गेले.

"नको बेटा. तुझं लगन हाय. लोक काय म्हणून राह्यले, तुले मालूम हाय ना?"

"लोक नाई म्हणत, चाची. मी म्हटलं. क्लिप मीच काढली. खाली लिवलं तेही मीच."

तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं? वाच," म्हणाली.

मला पाठच होतं. मी म्हणून दाखवलं. सावधानपासून डॉक्टर लोकांपर्यंत, सगळं. ती डोळे मिटून ऐकत होती, हात चाचपताना मिटायची तसे. मला वाटलं, आता ती शिव्या देईल, थुंकेल, हाकलून देईल. मला तेच हवं होतं.

तिने डोळे उघडले आणि विचारलं, "मंग डॉक्टरनं नाई सांगतलं?"

"नाई."

"कोणत्याच डॉक्टरनं नाई?"

"नाई चाची. मी मनानंच लिवलं."

"मी दोनदा जाऊन आली चंद्रपूरले," ती म्हणाली. "विचारीन म्हटलं. तोंडातून निघालंच नाई. डॉक्टर हो म्हटला असता तर?" तिने हात पदराबाहेर काढले आणि उलटेपालटे करून पाहिले. "महेकले मी दिवाळीपासून हात नाई लावला. जवळ आली तर हाकलून देते. पोरगी म्हणे, दादी, मी काय केलं?"

महेक तिची चार वर्षांची नात. मी मोठ्याने रडू लागले. चाचीने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. तिने घराकडे तोंड करून हाक मारली, "महेक! इथी ये!"

पोर आली आणि सहा-सात हातांवर थांबली. तिला तिथेच थांबायची सवय झाली होती.

"अजून जवळ ये."

ती एकेक पाऊल टाकत आली. चाचीने तिचा इवलासा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, घट्ट, आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं, पण अंगठा चालू होता. दाबायचा, सोडायचा. "हात झोपू दे," ती म्हणाली. टोपल्यातली सगळ्यात लहान बांगडी तिने चाचपून काढली.

तोवर माय येऊन माझ्या मागे उभी राहिली होती. केव्हापासून, कोण जाणे. तिने सगळं ऐकलं होतं, कारण तिने आधी माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि एकेक करून स्वतःच्या हातातल्या बाजारच्या बांगड्या काढायला लागली. चाचीच्या घराच्या कुंपणापाशी बाया उभ्या होत्या, पुढेही येत नव्हत्या, मागेही जात नव्हत्या.

वर बांबूतल्या बांगड्या वाजल्या. महेकची मान कलली आणि ती दादीच्या मांडीवर पेंगू लागली. तिच्या मनगटात चार बांगड्या झाल्या होत्या, पुरेशा होत्या, तरी चाची तिचा हात सोडत नव्हती. मी माझा पुढे केला.

"थांब," चाची म्हणाली. "इचा हात आत्ता कुठी झोपला हाय."