कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी

"त्यांच्या जाण्यानं समाजाची कधीही भरून न निघणारी हानी झाली आहे," आमदारसाहेबांनी माईक किंचित जवळ ओढला, "आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात मी अंतःकरणपूर्वक सहभागी आहे!"

शोकसभेचं सभागृह गच्च भरलेलं होतं. पहिल्या रांगेतल्या मेहुण्यानं उठून हळूच त्यांचा सदरा ओढला.

"भावोजी, कुटुंबीय तुम्हीच. ताई गेलीये."

साहेबांनी मागच्या फोटोकडे पाहिलं. फोटो बायकोचाच होता. प्रचाराच्या फलकावरून कापून घेतल्यामुळे तिच्या कडेला त्यांचा स्वतःचा अर्धा खांदा उरला होता. ते खाली बसले. मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

साहेबांचा तरी काय दोष? नगरसेवक झाल्यापासून हे काम त्यांच्या हातात बसलेलं होतं. वॉर्डात कुणी गेलं की चपला काढून आत जायचं, घरातल्या थोरल्याचा हात दोन्ही हातांत धरायचा, "काही लागलं तर हाक मारा" म्हणायचं आणि चहाला नको म्हणून पुढच्या घरी निघायचं. गटारं, दिवे आणि मयती एवढ्या भांडवलावर ते नगराध्यक्ष झाले आणि मग विधानसभेत पोचले. विरोधक म्हणायचे, "हा बाबा तुमच्या मयतीला तुमच्याही आधी हजर!"

बायको गेली तेव्हाही ते दुसऱ्याच गल्लीत कुणाचा तरी हात धरून बसले होते. घरी परतले तर दारात चपलांचा ढीग. त्यात आपल्याही काढून ठेवत त्यांनी पीएला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

पीएनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

शोकसभा आटोपली, माणसं पांगली. घरी आतल्या खोलीत लेक बॅग भरत होती. सकाळी तिला परत जायचं होतं. साहेब दारात उभे राहिले. आपल्याच घरात बसायला कुणी सांगेल म्हणून थांबल्यासारखे.

"बसा ना बाबा."

ते पलंगाच्या कडेला टेकले.

"बाबा, आईची एक गोष्ट सांगा. तुम्हाला ठाऊक असलेली. तेवढी घेऊन जाते."

"तुझी आई म्हणजे त्यागाची मूर्तिमंत..."

"इथे माईक नाहीये."

साहेब ओशाळले. विधानसभेत मंत्र्यांना घाम फोडणारा माणूस, पण लेकीच्या एका प्रश्नानं कासावीस झाला. बराच वेळ आठवून आठवून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"विधानसभेच्या पहिल्या निवडणुकीला मत देऊन बाहेर आली आणि मला काय म्हणाली ठाऊक आहे? 'तुम्हाला नाही दिलं. एकदा पडा, म्हणजे घरी तरी याल!'"

ते हसले. ही गोष्ट त्यांनी कितीतरी सभांत सांगितली होती. हशा कधी चुकला नव्हता.

लेक हसली नाही. तिनं हातातली साडी तशीच मांडीवर ठेवली. आईची होती.

"मी होते तेव्हा तिच्याजवळ. ती थट्टा करत नव्हती, बाबा."

"काहीतरीच काय!"

"नंतरही कधीच नाही दिलं तुम्हाला. निकाल लागायचा, बाहेर तुमच्या गळ्यात हार पडायचे आणि ती आत भांडी घासत बसायची. घासलेलीच."

साहेबांनी तोंड उघडलं. विरोधी मतावर बोलायची त्यांना सवय होती. पण हे मत एकाच बाईचं होतं, आणि तिनं ते दर वेळी विरोधात देऊनही ती दर वेळी हरली होती.

लेकीनं साडी बॅगेत ठेवली, चेन ओढली. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "काही लागलं तर..." एवढं म्हणाले आणि स्वतःच दचकून हात सोडला.

"काय, बाबा?"

"न्हाणीघरात दोन नळ आहेत बघ," ते खाली मान घालून म्हणाले. "त्यातला गरम पाण्याचा कुठला? मी जायचो तेव्हा बादली भरलेलीच असायची. सकाळी निघायच्या आधी तेवढं जरा दाखवून जा."