कलम खोडल्याशिवाय सही नाही

देशाने शेजारी देशांच्या संघातून बाहेर पडावं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा वकीलबाईंनी विरोधात मत दिलं होतं. तरीही वाटाघाटी करायला सरकारने त्यांनाच पाठवलं, कारण समोरच्याच्या नाकी नऊ आणणारं माणूस दुसरं सापडेना. "घर सोडायचंच ठरलंय, तर जाता जाता भांडी कशाला फोडायची?" असं म्हणत त्या कामाला लागल्या.

मसुदा जवळपास तयार झाला होता. त्या दुपारी संघाच्या बाजूच्या म्हाताऱ्या मुत्सद्द्याने एक नवं कलम हळूच पुढे सरकवलं. सीमेपलीकडे नोकरीला गेलेल्यांनी राहण्याचा परवाना नव्याने मागायचा, आणि तो मिळेपर्यंत बायकामुलांना जवळ ठेवायचं नाही.

"हे आपलं ठरलं नव्हतं," वकीलबाई म्हणाल्या.

म्हातारा गोड हसला. "तुमच्या मंत्र्यांना मान्य आहे."

वकीलबाईंनी बाहेर येऊन मंत्र्यांना फोन लावला.

"अहो, करून टाका सही," मंत्री म्हणाले. "निवडणूक तोंडावर आलीय. बारीकसारीक नंतर बघू."

"पोरांना आईबापांपासून तोडणं बारीकसारीक?"

"तुमची बहीण तिकडे नर्स आहे, म्हणून एवढा कळवळा."

हे मात्र वर्मी लागलं. "आहे," वकीलबाई म्हणाल्या, "आणि तिच्यासारखे हजारो आहेत. मी सही करणार नाही."

"मग मी तुम्हाला परत बोलावतो."

"बोलवा. तोवर या खुर्चीत मी आहे."

त्या आत गेल्या आणि बसल्याच नाहीत. "कलम खोडा. नाहीतर आम्ही कराराशिवाय निघालो."

"नुकसान तुमचंच होईल," म्हातारा म्हणाला. आता त्याचं हसू मावळलं होतं.

"सोसू. पण आमची माणसं तुमच्याकडे ओलीस ठेवून जाणार नाही."

दारात पत्रकार ताटकळत होते. कलमाचा कागद उचलून वकीलबाई तिकडे निघाल्या, तसं त्यांच्या सहायकाने त्यांना अडवलं. "ताई, नोकरी जाईल!"

"जाऊ दे रे. घरी बसून झोपा तरी काढीन," म्हणत त्यांनी ते कलम सगळ्यांसमोर खणखणीत वाचून दाखवलं.

संध्याकाळी मंत्र्यांनी त्यांना पदावरून काढलं. पण बातमी वणव्यासारखी पसरली होती. पलीकडच्या इस्पितळांनीच ओरडा केला की नर्स निघून गेल्या तर वॉर्ड कोण सांभाळणार? इकडे संसदेत मंत्र्यांना तोंड दाखवणं मुश्कील झालं. कलम गेलं. सही दुसऱ्याने केली, हारतुरेही त्यालाच मिळाले.

"ताई, तुझं नावसुद्धा घेतलं नाही गं कुणी!" बहीण फोनवर चिडून म्हणाली.

"पोरं तुझ्याजवळ आहेत ना? मग झालं तर."

थोड्या दिवसांनी मंत्र्यांच्या सचिवाचा फोन आला. आता व्यापाराच्या वाटाघाटी सुरू व्हायच्या होत्या आणि पलीकडचा म्हातारा कुणालाच दाद देत नव्हता. बाई येतील का?

"येईन," वकीलबाई म्हणाल्या. "पण साहेब माझ्या पाठीमागे काय काय कबूल करून बसलेत, ते आधी समोर बसून सांगायचं."

सचिव चाचरला. "साहेबांना विचारून सांगतो."

"सावकाश विचारा. मला घाई नाही."