मोरपंखीची डहाळी

लोटनभाऊ हायवेलगतच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. सत्तावीस वर्षं, दर मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेआधी ते एक कागदी पुडी उघडत. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरून श्रावणात खरवडून वाळवलेलं हायोफिला नावाचं मॉस तिच्यात असे. तपकिरी, मुरडलेलं, चहाच्या चोथ्यासारखं. वर चार थेंब टाकले की बघता बघता पानं उलगडून हिरवी होत. मुलं चकित होत. लोटनभाऊंना त्यात नवल वाटत नसे. पाण्यावर त्यांचा विश्वासच तेवढा होता.

त्या विश्वासावरच ते आवारातल्या मोरपंखीला रोज दोन बादल्या घालत होते. झाड त्यांच्या मुलीने, दिपमालाने लावलेलं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना. दोन वर्षांपूर्वी सोनगीर फाट्यावर ट्रकने तिची स्कूटी उडवली. तिचं म्हणून हात लावण्याजोगं एवढंच उरलं होतं. जानेवारीत पाइपसाठी चर खणताना त्याची बरीच मुळं तुटली. वाळलं तर काढून टाकू, तिथे सायकल स्टँड वाढवता येईल, असं प्राचार्य म्हणाले. पण झाड हिरवंच राहिलं, आणि लोटनभाऊ भेटेल त्याला ते दाखवत राहिले.

यंदा प्रश्न निघाला मॉस आणि सूचिपर्णी वृक्ष यांच्या तुलनेचा. परीक्षा घेणाऱ्या सुलक्षणा मॅडमनी सूचिपर्णी म्हणून आवारातल्या मोरपंखीची डहाळी आणायला सांगितली. झाड अशक्त आहे, नर्सरीतून आणतो, असं लोटनभाऊंनी सुचवून पाहिलं. तेवढा वेळ नव्हता.

त्यांनी डहाळी हलकेच वाकवली. ती कट्कन तुटली. आतलं लाकूड कोरडं होतं, खापरासारखं. मेलेलं सूचिपर्णी झाड कित्येक आठवडे हिरवंच दिसतं, हे त्यांना आता आठवलं. मग त्यांनी ती ट्रेमध्ये मॉसच्या शेजारी नेऊन ठेवली.

तक्त्यात 'पाणी दिल्यावर होणारा बदल' असा रकाना होता. सपना नावाची विद्यार्थिनी तिथे अडली.

"मॅडम, मोरपंखीपुढे काय लिहू? ही तर आधीच हिरवी आहे."

मॅडमनी डहाळीचं तुटलेलं टोक पाहिलं, मग लोटनभाऊंकडे पाहिलं.

"हिरवं दिखस, बेटा," लोटनभाऊ म्हणाले. "पन झाड मरी जायेल शे. काहीच बदल नही, तसंच लिखी दे."

परीक्षा आटोपल्यावर त्यांनी मॉस सावलीत वाळत घातलं आणि नव्या पुडीवर पुढचं साल लिहिलं. नळाखाली मोरपंखीसाठी सकाळी भरलेली बादली तशीच होती. ती उचलून त्यांनी प्रयोगशाळेची फरशी पुसायला घेतली.