शाकीरच्या नावाचा बोर्ड

मी शिरड शहापूरच्या मैदानावरचा बास्केटबॉलचा बोर्ड बोलतोय. लोक रिंगबद्दल बोलतात, चेंडूबद्दल बोलतात, पण मार खाल्ला तो मीच. म्हणून आज माझंही थोडं ऐकून घ्या.

मला मकबूल मिस्त्रींनी घडवलं. एका मोडलेल्या बैलगाडीच्या आणि जुन्या दाराच्या सागवानी फळ्या जोडून त्यांनी मला पांढरा रंग दिला आणि मधोमध काळी चौकट काढली. मला खांबावर चढवलं त्या दिवशी शिडी धरून त्यांचा मुलगा शाकीर उभा होता. वय तेरा, उंची सहा फुटांना टेकलेली. खेळाचे मास्तर उत्तमराव म्हणाले, "मिस्त्री, शिडी काहून आणली? हाच पुरला असता." त्याच दिवशी त्यांनी शाकीरच्या हातात चेंडू दिला.

पुढची पाच वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली. उंच पोरं मी पुष्कळ पाहिली. बहुतेक जण नुसते उभे राहतात आणि उंचीच्या जोरावर निभावून नेतात. शाकीरचं तसं नव्हतं. तो माझ्याकडे पाठ करून उभा राही, चेंडू आला की एक खांदा इकडे हलवी, समोरचा फसून तिकडे जाई आणि हा दुसऱ्या बाजूने वर येई. बाकीचे मला चेंडूने ठोकत. तो मात्र चौकटीच्या उजव्या कोपऱ्यावर अलगद टेकवायचा. त्या कोपऱ्याचा रंग त्याच्यामुळेच उडाला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. अठराव्या वर्षी तो सहा फूट सहा इंच झाला. हिंगोलीहून, औंढ्याहून माणसं जीप भरून त्याचा खेळ बघायला येत.

एक सांगायचं राहिलं. गावात एवढी मोठी सिमेंटची जागा दुसरी नाही. त्यामुळे दर उन्हाळ्याच्या तोंडाला शिजवलेली हळद इथेच वाळत पडते आणि खेळ बंद राहतो. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटत नसे.

त्या वर्षी विभागाचा अंतिम सामना मार्चमध्ये आला. राज्याचा संघ निवडणारे साहेब तो बघायला येणार होते. सामना नांदेडला होणार होता, पण संपतराव अडून बसले. आमचं पोरगं आमच्याच मैदानावर खेळेल, म्हणाले. संपतराव गावातले मोठे हळदवाले, आणि शाकीरचा त्यांच्याएवढा चाहता दुसरा कोणी नव्हता. सामना त्यांनी ओढून आणला खरा, पण हळद त्यांचीच पसरलेली होती.

त्या दिवशी सकाळी हळद पोत्यांत भरली आणि वरवर खराटा फिरवला. उत्तमराव म्हणाले, "पाणी मारून धुवून घ्या."

"धुतलं तर ओल राहील. मग सांजच्याला हळद कुठं टाकू मी?" संपतराव म्हणाले. मास्तर रेषा आखायला गेले.

अर्धा सामना होईतो शाकीरने एकट्याने बावीस गुण केले होते. मग माझ्यावरून परतलेला चेंडू धरायला तो उडाला, त्याने तो धरला, आणि उतरला तो एका हळकुंडावर. वाळलेलं हळकुंड दगडासारखं कडक असतं. पाय घसरला आणि उजवा गुडघा आत वळला. तो आवाज मला वर ऐकू आला.

सगळ्यांत आधी संपतराव धावले. त्यांनी आधी ते हळकुंड उचलून खिशात टाकलं आणि मग शाकीरचं डोकं मांडीवर घेतलं. ते रडलेही. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मी मान्य करतो. त्यांच्याच घरच्या हळदीचा लेप पंधरा दिवस गुडघ्यावर बसला. नंतर नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण उडणार नाही.

याला सतरा वर्षं झाली. शाकीर आता बापाच्या दुकानात रंधा मारतो, आणि माझ्या खांबामागच्या ओट्यावर जमणारी मंडळी रोज त्याचा निकाल लावतात.

"असं लेकरू पुन्हा व्हणार न्हाई," निवृत्त झालेले उत्तमराव म्हणतात. "भारताकडून खेळला असता."

"असता, असता काय करून राहिले मास्तर?" हा अंगद. मोबाईलवर अमेरिकेतले सामने बघतो, म्हणून त्याला जास्त कळतं. "वसमतचा तो सेंटरला खेळणारा गडी चौदा वर्षं खेळला. साधा खेळला, पण खेळला. मंग मोठा कोण?"

"त्याला खेळ येत व्हता का?"

"गुडघे तं व्हते."

मग संपतराव घसा खाकरतात. "हाडच कच्चं व्हतं पोराचं. देवानं दिलं, पण सांभाळता आलं न्हाई." आणि सगळे माना हलवतात. त्या माना हलताना बघून माझ्या फळ्या आतून जळतात.

शाकीरला खरं माहीत आहे. पायाखाली काय आलं ते पायाला कळतं. पण ज्याने डोकं मांडीवर घेतलं त्याला काय विचारायचं, म्हणून तो कधी बोलला नाही.

गेल्या दिवाळीत मंडळींनी ठरवलं, मैदानाला शाकीरचं नाव द्यायचं. त्याला बोलावलं. तो लंगडत आला आणि उभाच राहिला.

"काका, नाव नका देऊ. या साली हळद दुसरीकडं वाळवा. आफिफाची निवड मार्चात हाय. पोरी रोज उडून राहिल्या इथं."

आफिफा त्याची मुलगी. चौदा वर्षांची, बापासारखीच उंच, आणि चेंडू टेकवते तोही त्याच कोपऱ्यावर.

"आमी तुझं नाव लावून राहिलो, अन् तू हळदीचं काढतो व्हय?" संपतराव म्हणाले. "बराबर हाय का हे?"

"पायाखाली येतं, काका."

 संपतराव नजर वळवून म्हणाले, "झाडून घेऊ की."

नारळ फुटला, हार घातले. पेंटरने माझ्या कपाळावर शाकीरचं नाव लाल अक्षरांत लिहिलं आणि जाता जाता तो रंग उडालेला कोपराही पांढरा करून टाकला. शाकीरची माझ्याकडे असलेली एकच खरी खूण अशी गेली.

आता मार्च चालू आहे. पलीकडच्या अर्ध्या मैदानात हळद पसरली आहे आणि माझ्या बाजूला नुसता खराटा फिरला आहे. मुलींचा सराव सुरू व्हायच्या आधी शाकीर येतो. गुडघा वाकत नाही, म्हणून पाय लांब करून जमिनीवर बसतो आणि हातांवर सरकत सरकत एकेक हळकुंड डब्यात टाकतो.

"अब्बा, झालं का?" आफिफा कडेला चेंडू धरून विचारते.

"थांब बेटा, जरा राहिलं."

तुमच्यापैकी कोणी इकडे आलंच, तर माझी एवढी विनंती ऐका. पॉलिशपेपर आणा आणि माझ्यावरचं नाव घासून काढा. मला त्याची लाज वाटते. आणि खाली एकदा पाणी मारा.

काल शाकीर असाच सरकत ओट्यापर्यंत आला. वर वाद ऐन रंगात होता, शाकीर मोठा की वसमतचा मोठा.

"जरा पाय उचला," शाकीर म्हणाला.

त्यांनी पाय उचलले. संपतरावांनीही उचलले. शाकीर खालचं वेचत राहिला आणि वर अंगद म्हणाला, "मी सांगतो, आणखी दोन वर्षं खेळला असता ना, तर मानलं असतं."